सुरक्षिततेच्या नावानं चांगभलं

फराळाचे ताट पुढे असताना वाचकाच्या हाती भांडणाचा लेख देणे शिष्टसंमत नव्हे, हे मला कळते. पण ज्या गोष्टीवरून मी भांडावयास उभा राहिलो आहे ती गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कुठे देवघराला लागून तर कुठे स्वयंपाकघराच्या दाराशी, येऊन बसलेली आहे. घरातला मुलगा म्हणा, सून म्हणा, कानाला ती पट्टी लावून संगणकासमोर बसते आणि 'जरा हळू, माझे ऑफिस चालू आहे' असे आपल्या घरात आपल्यालाच दटावते. घरात आलेल्या या कचेरीशी माझे भांडण नाही. ती घरातून परत उचलून नेताना जे कारण सांगण्यात आले, त्या कारणाशी आहे. ते कारण म्हणजे 'सुरक्षितता'.

मी आर्णीचा. यवतमाळहून नांदेडकडे जाणारी गाडी अरुणावतीच्या काठी ज्या तालुक्याच्या गावी थांबते, ते हे गाव. बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यामुळे काहींना माहीत असेल. बाकीच्यांना पऱ्हाटी आणि सोयाबीन यांपलीकडे येथे काही असेल असे वाटत नाही, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. माझी नोकरी पोस्टातली. संगणकाविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, असे माझ्या मुलीच्या मॅनेजरांना वाटेल. परंतु लोकांच्या विश्वासाची वस्तू उघड्या रस्त्यावरून एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप कशी न्यावयाची, हा माझा जन्माचा धंदा होता, आणि प्रश्न नेमका तोच आहे.

आमची टपालाची थैली एस. टी.ने येत असे. थैलीच्या तोंडाला सुतळी, सुतळीच्या गाठीला चिठ्ठी, गाठीवर लाख आणि लाखेवर शिक्का. आत रजिस्टर पत्रे, विमा उतरवलेली पाकिटे, कुणाच्या जमिनीचे कागद. शेजारी कोंबड्यांची डालगी आणि यात्रेकरूंची गाठोडी. रस्ता सर्वांचा, गाडी सर्वांची. कंडक्टरला आत काय आहे ते ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची सोयही नाही. आर्णीला थैली हाती आली की पहिल्याने लाख पाहावयाची, मग शिक्का, मग वजन आणि यादी. लाख फुटलेली दिसली तर थैली उघडण्याच्या आधी पंचनामा. रस्ता सुरक्षित आहे काय, असे आम्हांला कुणी कधी विचारले नाही. रस्ता सुरक्षित नसतो हे गृहीत धरूनच लाखेचा शोध लागला होता!

आता मुलीची हकीकत. २०२०च्या मार्चात, टाळेबंदीच्या तीन दिवस आधी, ती पुण्याहून मुलाला घेऊन आर्णीस आली. जावई जहाजावर असतात. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. तिची कंपनी लहानशी, परदेशातील इस्पितळांचे विम्याचे दावे तपासण्याचे काम करणारी. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तशा पन्नास असतील. कंपनीचे संगणक पुण्याच्या बंद कचेरीत आणि माणसे चोहोकडे पांगलेली. तेव्हा वरिष्ठांनी युक्ती काढली. कचेरीतील संगणकाचा पडदा घरच्या संगणकावर आणून दाखविण्याची सोय विंडोजमध्ये असते, ती त्यांनी चालू केली आणि तिचे दार थेट इंटरनेटच्या हमरस्त्यावर उघडले. अकरा माणसांना मिळून एकच पासवर्ड, आणि तो व्हॉट्सअॅपच्या गटावर धाडून दिला. पासवर्ड काय, तर कंपनीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

त्या दाराचा क्रमांक, ३३८९, जगातल्या प्रत्येक चोराला पाठ असतो. तो शोधीत फिरणारी यंत्रे रात्रंदिवस दारे ठोठावीत असतात. त्यांना झोप नाही, कंटाळा नाही. या सोयीच्या जुन्या आवृत्त्यांत एक भोक सापडल्यावर २०१९ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने, जिची देखभाल २०१४ सालीच सोडून दिली होती त्या विंडोज एक्सपीलासुद्धा ठिगळ पाठविले. एवढे ते भोक मोठे होते. हे सारे त्या वेळी जाहीर होते. आमच्या मुलीला ते ठाऊक नव्हते, कारण तिचे काम दावे तपासण्याचे. ज्यांचे काम ते ठाऊक असण्याचे होते, त्यांनाही ठाऊक नव्हते.

मे महिन्यातील एका सकाळी चहाचा कप हातात धरून ती पडद्याकडे पाहत राहिली. पडद्यावरचा बाण आपण होऊन हलत होता. 'बाबा, मी हात लावलेला नाही,' ती म्हणाली. दुपारपर्यंत सामाईक कपाटातील फायलींची नावे बदलून गेली होती, आणि त्या उघडून हव्या असल्यास पैसे टाका, अशी चिठ्ठी ठेवलेली होती. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. पहिलाच प्रश्न : "तुम्ही त्या खेड्यात कोणाची लाइन वापरता?"

आर्णी हे खेडे नाही, हा मुद्दा मी सोडून देतो. पण प्रश्नाची दिशा पाहा. दार पुण्यात उघडे टाकले, किल्ली पुण्याहून चव्हाट्यावर वाटली, आणि चोरी झाल्यावर संशय आर्णीच्या तारेवर! पुढे बाहेरून तज्ज्ञ बोलावला, त्याने दोन दिवसांत नेमके हेच सांगितले. मुलीकडे दिलगिरीचे अवाक्षर आले नाही. आला तो एक कागद, सही करावयाचा : 'घरच्या जोडणीमुळे होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस कर्मचारी जबाबदार राहील.' सही करू नको, असे मी म्हटले. तिने केली. नोकरी तिची होती, माझी नव्हे.

तथापि त्या तज्ज्ञाचे मला कौतुक आहे, कारण त्याने आमची जुनी पोस्टाची रीतच नव्या रूपाने बसवून दिली. त्याला व्हीपीएन म्हणतात. मुलीला कचेरीचा स्वतःचा लॅपटॉप आला. तो उघडला की आधी पुण्याच्या दारवानाशी त्याची ओळख पटावयाची. ती नुसत्या पासवर्डाने नाही. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा टाकावयाचा. ओळख पटली की दोन्ही टोके मिळून त्या बैठकीपुरती एक किल्ली ठरवितात आणि तेथून पुढे जे जाते-येते ते कुलूपबंद. मधला राउटर, टेलिफोनवाले, खांबावर चढणारा पोरगा, यांना एवढेच कळते की आर्णीहून पुण्याला एक थैली चालली आहे. आत काय आहे ते नाही. ३३८९ चे दार रस्त्यावरून बंद झाले. आता ते या बंद वाटेच्या आतूनच उघडते. लॅपटॉप हरवला तरी त्यातील मजकूर परक्याला वाचता येत नाही, आणि त्याची ठिगळे कचेरी आपण होऊन वेळच्या वेळी लावते. आपल्या पेढीवाल्यांची शहाजोग हुंडी अशीच असे. नुसता कागद पुढे केला म्हणून पैसे मिळत नसत. कागद आणणारा बाजारात ओळखीचा, पतीचा माणूस असावा लागे. कागद एक, ओळख दुसरी. दोहोंची गाठ पडल्यावाचून तिजोरी उघडावयाची नाही, ही अक्कल आपल्या सावकारांना संगणकाच्या कितीतरी आधी आलेली होती.

त्यानंतर तीन वर्षे काम चालले. आमच्याकडे वीज जाते, त्यासाठी इन्व्हर्टर घेतला. पावसाळ्यात तार तुटते, त्यासाठी मोबाइलची दुसरी जोडणी ठेवली. वेगाचे म्हणाल तर २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून त्यासाठी किमान २ मेगाबिट लागतात, आणि आमच्याकडे त्याहून कितीतरी अधिक वेग होता. शिवाय दूरच्या संगणकाचा पडदा पाहावयास फार वेग लागतच नाही. बदललेले चित्र तेवढे येते आणि बोटांचे ठोके तेवढे जातात. तीन वर्षांत एकही फाईल हरवली नाही. नातू आर्णीच्या शाळेत रुळला, मराठीत भांडू लागला, आजीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला नाक मुरडीनासा झाला.

आणि २०२३ च्या पावसाळ्यात पत्र आले. माहितीच्या सुरक्षिततेचा विचार करता सर्वांनी पुण्यास कचेरीत हजर व्हावे.

वाचकहो, माझा सारा राग या एका वाक्यावर आहे. 'आम्हांला माणसे डोळ्यांसमोर हवीत' असे लिहिले असते तर मी भांडलो असतो, पण चिडलो नसतो. टाटा कन्सल्टन्सीने २०२० साली चार लाखांहून अधिक माणसांचा कारभार पाहता पाहता घरोघर नेला. २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक माणसे कचेरीत असण्याची गरज उरणार नाही, असे जाहीर केले. आणि २०२३ साली सर्वांना परत बोलाविले. नव्या माणसांनी जुन्यांत मिसळून शिकावे, हे कारण त्यांनी पुढे केले. ते पटो न पटो, निदान ते कारण माणसांविषयीचे आहे; त्यावर वाद घालता येतो. 'सुरक्षितता' या शब्दाशी वाद घालता येत नाही. तो उच्चारला की समोरचा माणूस एकतर अडाणी ठरतो नाहीतर चोर.

आता हा शब्द खरा आहे का ते पाहू. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टात ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना परस्पर होकार देणारा बनावट मध्यस्थ उभा केला, आणि अठ्ठावीस देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. त्या वेळी कोण घरून काम करीत होते? घरून काम करण्याची टूम निघावयास अजून दीड वर्ष होते. पुण्यातल्या पुण्यात यंत्र आणि पुण्यातल्या पुण्यात माणसे असूनही हे घडले. दुसरा दाखला अमेरिकेचा. २०२१ च्या मे महिन्यात कलोनियल पाइपलाइन या कंपनीचा पूर्व किनाऱ्याला इंधन पुरविणारा नळ काही दिवस बंद पडला. चोर शिरले ते व्हीपीएनमधूनच, हे मी लपवीत नाही. पण कसे शिरले? वापरात नसलेले एक जुने खाते बंद करावयाचे राहून गेले होते, आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरी ओळख मागितली जात नव्हती. कंपनीने सुमारे चव्वेचाळीस लाख डॉलर खंडणी भरली. कर्मचारी घरी होता की कचेरीत, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. कारकून निवृत्त झाला तर त्याच्याकडून शिक्का परत घ्यावा, एवढेच त्यांना जमले नव्हते. आमच्या पोस्टात तेवढे जमत होते.

सरकारचीही एक गंमत सांगतो. परक्यांसाठी फोनवर वा संगणकावर काम करणाऱ्या कंपन्यांना माणसे घरी बसवावयाची तर पूर्वी दूरसंचार खात्याशी करार, अनामत रक्कम आणि परवानाधारकाकडूनच घेतलेली खास जोडणी, असा सगळा घोळ होता. १३ मार्च २०२० रोजी खात्याने करार आणि अनामत सोडली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तर नियमच नव्याने लिहिले. नुसती माहिती हाताळणाऱ्या कंपन्या त्यांतून वगळल्या. म्हणजे ज्या सरकारला सर्वत्र धोका दिसतो, त्यानेसुद्धा घरच्या ब्रॉडबँडवरून चालणारे काम मान्य केले. आणि २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा काय म्हणतो? सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. तो माहिती बाळगणाऱ्या संस्थेला. तिच्या पगारावर आर्णीत बसून काम करणाऱ्या बाईला नव्हे. मग तो सही घेतलेला कागद कोणाला फसविण्यासाठी होता?

दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मला नाकारावयाचे नाही. काही कामे अशी असतात की जेथे कार्डांचे आकडे डोळ्यांपुढून जातात, आणि तेथे खोलीत फोन नाही, कागद नाही, पेन नाही, असाच नियम असावा लागतो. पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोणतीही लाख अडवू शकत नाही. तसे काम असेल तर तसे सांगावे. त्या माणसांनी कचेरीत यावे. मुलीचे काम तसे नव्हते. तसे असते तर तीन वर्षे ते आर्णीस कसे चालू दिले?

आणि आपल्या घरांतही सगळे हरिश्चंद्र नाहीत. आमचा राउटर बसविणाऱ्या पोराने जो पासवर्ड लिहून दिला तो वर्षभर तसाच होता. शेजारच्या मुलीची शाळा मोबाइलवर चालू झाली तेव्हा तिचे वडील वायफाय मागावयास आले आणि मी देऊन टाकले. वऱ्हाडात विरजण मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. हे त्यातलेच, असे मला वाटले. मुलगी माझ्यावर कडाडली. मी शेजाऱ्यांना चाचरत सांगावयास गेलो, तर ते म्हणाले, "पासवर्डात काय सोनं ठेवलं हाय काय जी?" मला उत्तर सुचेना. शेवटी मुलीनेच त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी निराळी वाट काढून दिली. त्यांच्या मुलीची शाळा चालू राहिली आणि आमचे काम त्यापासून वेगळे झाले. राउटरचा पासवर्डही तिने त्याच दिवशी बदलला. नातवाला कचेरीच्या लॅपटॉपवर खेळ टाकून हवा होता. तेथे मात्र आजीनेच पाटा-वरवंट्याचा धाक दाखविला. आणि फोनवरून कुणी गोड आवाजात 'अमुक ॲप घ्या, मी तुमचे काम करून देतो' म्हणू लागला, तर फोन ठेवून द्यावयाचा, हे घरातील म्हाताऱ्यांना मी स्वतः पढविले आहे. पडदा दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या अशाच ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना इशारा दिला होता. कचेरीने आम्हांला ज्याची माहिती अर्ध्या तासात द्यावयास हवी होती, ते आम्ही असे ठेचा खात शिकलो. शिकलो, एवढे तरी मान्य करा!

अंतराचे म्हणाल तर आमच्या तालुक्याला एक आठवण आहे. २०१४ च्या मार्चात दाभडी गावी नरेंद्र मोदींनी 'चाय पे चर्चा' केली. तेथील शेतकऱ्यांमध्ये बसून ते देशातल्या ठिकठिकाणच्या लोकांशी पडद्यावरून बोलले. दाभडी आडवळणी आहे, असे त्या दिवशी कुणाला वाटले नाही. मोठ्यांना गरज असली की तार पोचते.

मुलगी २०२३ च्या पोळ्यानंतर पुण्यास गेली. हिंजवडीच्या बाजूला दोघींत मिळून खोली घेतली. नातू आमच्याजवळ, चौथीच्या वर्षात शाळा मोडावयाची नाही, असे तिनेच ठरविले. रात्री साडेआठला पडद्यावर आई दिसते. आधी तो दिवसभराचे सगळे सांगत असे. हल्ली 'हो', 'नाही' एवढेच सांगतो. आणि आता जे लिहितो आहे त्यासाठी हा सगळा लेख आहे. काम तुंबले की शनिवारी, रविवारी, रात्री अकरा वाजता तिला फोन येतो, आणि ती त्याच लॅपटॉपवरून, त्याच व्हीपीएनने, खोलीच्या घरमालकाच्या वायफायवरून कामाला बसते. घरमालकाचे वायफाय बारा भाडेकरू वापरतात. तेथे सुरक्षिततेला काही होत नाही. ती सोमवारी सकाळी साडेनवाला जागी होते आणि संध्याकाळी हजेरी लागली की झोपी जाते.

गेल्या दिवाळीत ती धनत्रयोदशीला पहाटेच्या गाडीने आली. रजा मंजूर होती. 'लॅपटॉप मात्र बरोबर असू द्या' असा निरोप होता. लक्ष्मीपूजन आटोपले, नातवाने अनार उडविले, ताटे वाढली, तोच फोन वाजला. परदेशी लोकांना दिवाळी नसते आणि त्यांचा महिना संपत आला होता. ती पावणेदहाला बसली. मोबाइलवरचा आकडा टाकला, ओळख पटली, पुण्याचा पडदा उघडला. मुलाने तिच्या मांडीवर डोके टेकले आणि तो तसाच झोपला. मी दीड वाजता पणतीत तेल घालावयास उठलो तेव्हा ती एका हाताने त्याचे केस सारीत दुसऱ्या हाताने टाइप करीत होती. मॅनेजरांचा आभाराचा संदेश आला होता, तो तिने मला दाखविला : 'सर्व दावे वेळेत गेले.' कुठून गेले, ते त्यांनी विचारले नव्हते.